अक्काने सोडवलेली गाठ

दोर हातात घेऊन, डोळे मिटून, तो किती उन्हात राहिला, किती भिजला आणि अजून किती माणसांचं वजन पेलेल हे सांगणारी बाई मी एकच पाहिली. गल्लीत तिला सगळे अक्का म्हणतात. तिच्याहून वयाने मोठे असलेलेही अक्काच म्हणतात, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. घर लांबट, एखाद्या बोळासारखं. एका टोकाला पीळ घालायचं चाक, दुसऱ्या टोकाला भिंतीत ठोकलेले तीन आकडे, आणि मधल्या जागेत अक्काचं सगळं आयुष्य मागेपुढे चाललेलं. पेड हातात धरून ती उलटी चालत जाते. मागे काय आहे हे तिला बघावं लागत नाही.

बाप परांच्या बांधायचा. इमारत उभी राहताना तिच्याभोवती बांबूंचा जो सांगाडा उभारतात, ज्यावर उभं राहून गवंडी आणि गिलावेवाले काम करतात, ती परांची. घराण्यात मुलींना वर चढू देत नसत, म्हणून अक्का खाली राहिली आणि सातव्या वर्षापासून दोर वळू लागली. लग्न झालं, वर्षभरात मोडलं. ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी चाकापाशी बसली. त्याबद्दल तिने कधी कुणाला काही सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तिला एक धाकटा भाऊ. भिंतीवरून सरसर चढायचा म्हणून बापाने त्याला खार म्हटलं, आणि पस्तिशी ओलांडली तरी तो खारच राहिला. आई लवकर गेली. अक्कानेच त्याला वाढवलं आणि खाटेच्या पायावर गाठी शिकवल्या. त्याने गाठ मारायची, तिने ओढून बघायची आणि म्हणायचं, "बरी आहे." यापलीकडे शाबासकी नाही. मोठा होऊन दहा गावांची कामं घेऊ लागला तरी नवीन प्रकारची गाठ आधी अक्काला दाखवल्याशिवाय तो वर बांधत नसे. त्याची बायको हसायची. त्याने बुटाची नाडी बांधली की म्हणायची, "जा, वन्संना दाखवून या."

त्या दिवशी सकाळी तीन मजली इमारतीच्या परांचीवरून एक गिलावेवाला पडला. ज्या दोराने फळी टांगली होती तो एका बाजूने गेला, फळी कलली आणि माणूस थापीसकट खाली आला. खार इमारतीच्या दुसऱ्या अंगाला होता. ठेकेदार खालून ओरडला की गाठ सुटली. खारने ते ऐकलं, खाली पडलेला माणूस पाहिला, आणि उतरून पळाला.

हे मी झाकून ठेवणार नाही. तो पळाला. गाठ त्याची होती, आणि त्याच्या मनाने त्याच क्षणी निकाल देऊन टाकला होता.

अक्काला दुपारी कळलं. परांची बांधणाऱ्यांच्या घरात अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं आहे. माणूस पडला की त्या जागची गाठ बांधणाऱ्याच्या घरच्या माणसानेच, दिवस मावळायच्या आत, जाऊन सोडवायची. परक्याचा हात लागू द्यायचा नाही, आणि कापायची तर मुळीच नाही. एक कारण सरळ आहे: त्या गाठीच्या भरवशावर पुन्हा कुणी चढू नये. दुसरं कारण ते लोक हळू आवाजात सांगतात. गाठ मोकळी झाली की पडलेला माणूस उठतो. अक्काच्या बापाने दोनदा असं केलं होतं, आणि दोन्ही माणसं उठली होती.

तेव्हा बावन्न वर्षांची ती बाई, जिला जन्मात कुणी वर चढू दिलं नव्हतं, गाठ सैल करायचा लोखंडी टोचा कमरेला खोचून परांचीवर चढली. पोलीस अजून दवाखान्यात होते. राखणदार दारातल्या स्टुलावर बसला होता, त्याने तिला अडवलं नाही. वर वारा होता. खाली बघायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं. गाठ सोडवायला तिला जवळजवळ तास लागला. दोर टोपलीत घालून ती घरी आली, तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मुळापासून निघालेलं होतं आणि तिला ते कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खार गाडीअड्ड्यावर, हत्यारांच्या पिशवीसकट, पोलिसांच्या हाती लागला. चौथ्या दिवशी सकाळी गिलावेवाला गेला.

त्या सकाळपासून घरातला आवाजच बदलला. चाक फिरायचं, पण थांबून थांबून. दारावरून कुणी चाललं तरी अक्काचा हात पेडावर घट्ट व्हायचा. खारची बायको कोपऱ्यात बसून भिंतीकडे बघायची. कलम कडक लागलं होतं: गाठ कच्ची आहे हे ठाऊक असून माणूस वर चढवला आणि त्याचा जीव घेतला. असल्या कलमात जामीन मागून मिळेलच असं नाही, कोर्टाने द्यायचा ठरवला तरच मिळतो, हे अक्काला पहिल्यांदाच कळत होतं. आत नेलेला माणूस खटला संपेपर्यंत आतच राहू शकतो, आणि खटला संपायला किती वर्षं लागतील ते कुणीच सांगत नव्हतं. खार बंद खोलीत राहिलेला माणूस नव्हता. उन्हाळ्यात तो घरातही झोपत नसे. तो आत जगणार नाही, असं अक्काच्या मनाने घेतलं, आणि ते मनातून जाईना.

जामिनाचा अर्ज खालच्या कोर्टात लागला. खोली लहान, पंखा एक, बाकं भरलेली. माणसं दारात उभी, भिंतीला टेकून उभी, एकमेकांच्या पायांवर उभी. सकाळपासून वाट बघून दुपारी नाव पुकारलं गेलं, आणि चहा निवायच्या आत सगळं संपलं. सरकारी वकील उभा राहिला तो कागदाकडे न बघताच बोलला. आरोपी पळाला होता. त्याचं काम दहा गावांत, आज इथे तर उद्या तिथे, सोडला तर शोधायचा कुठे? कामावरचे मजूर त्याच्या ओळखीचे, त्यांच्यावर दबाव येईल. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ज्या गाठीवर सगळा खटला उभा आहे ती गाठच जागेवरून नाहीशी झाली आहे. फळीकडचा तुकडा राडारोड्यात गेला, आणि वरची गाठ एक अनोळखी बाई घेऊन गेली असं राखणदार सांगतो. आरोपीची माणसं बाहेर पुरावा नष्ट करत फिरताहेत.

अक्का तिसऱ्या बाकावर होती. अनोळखी बाई हे शब्द तिने ऐकले आणि ते आपल्याबद्दल आहेत हे कळायला तिला थोडा वेळ लागला. आजूबाजूचं कुणी आपल्याकडे बघतंय का, हे बघायलाही तिला मान वळवता येईना. तिने पदराखाली हात घेतले आणि ते बिननखाचं बोट मुठीत लपवलं.

अर्ज फेटाळला गेला.

घरी आल्यावर भावजयीने दार लावून घेतलं आणि टोपली पुढे ओढली. "वन्संऽ, चुलीत घाला हे. आत्ताच. कुणी बघितलंय तुमचं तोंड?" तिच्या बोलण्यात खोट नव्हती. राखणदाराने नाव सांगितलं नव्हतं. दोर जळाला की बाई नाही आणि टोपलीही नाही.

अक्काने दोर बाहेर काढला आणि चुलीपुढे बसली. पातेलं करपलं, तरी तिला वास आला नाही. दोर तिच्याच हातचा होता, दोन वर्षांपूर्वी वळलेला. गाठीच्या जागी त्याला बसलेली मोड अजून तशीच होती. गाठीच्या खाली वीतभर अंतरावर दोर संपत होता, आणि तिथले पेड तुटल्यासारखे विसकटलेले नव्हते, एका अंगाने तासल्यासारखे पातळ होत गेले होते. सिमेंटच्या पाट्या वर ओढायला ठेकेदाराने मागाहून पत्र्याच्या पट्टीवर एक कप्पी तिथे बसवली होती; ती अक्काने वर पाहिली होती. पत्र्याची धार दोराला रोज थोडी थोडी लागत राहिली होती. गाठ धरून होती. ही गोष्ट जगात फक्त अक्काला माहीत होती, आणि ती चुलीपुढे बसली होती.

भावजय रडत म्हणाली की तुम्हीही आत गेलात तर मी कुणाकडे बघू? अक्काने दोर परत टोपलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन खारच्या वकीलबाईकडे गेली. वकीलबाई वयाने अक्काच्या मुलीसारखी. झेरॉक्सच्या दुकानावरच्या बिनखिडकीच्या खोलीत दोघी वकिलिणींचं मिळून एक टेबल. तिने टोपलीत डोकावलं. मग उठून दाराला कडी घातली.

"अक्का, एक नीट समजून घ्या," ती म्हणाली. "जामिनाच्या वेळी कोर्ट दोषी कोण ते ठरवत नाही. गुन्हा केवढा, हाताशी पुरावा काय, हे वरवर बघतं. मग विचारतं, हा पळेल का? साक्षीदारांना धमकावेल का? पुराव्याला हात लावेल का? घरदार, पोरंबाळं, कामधंदा बघतात तेही एवढ्यासाठीच. पळण्याबद्दल मी काहीतरी बोलेन. पण पुराव्याचं उत्तर तुमच्या टोपलीत आहे."

दोर पोलिसांना दिला तर तुमच्यावरही गुन्हा लागू शकतो, हेही तिने सांगितलं. आणि लपवला आणि मागाहून सापडला, तर खारला जामीन विसरायचा.

अक्काने एकच विचारलं. "मला आत घेतलं तर त्याला सोडतील?"

"अशी अदलाबदल होत नसते, अक्का."

तरी अक्का उठली.

फौजदाराच्या खोलीत ती तीन तास होती. तिने गाठ कशी होती, कुठून सोडवली, दोर कुठे तासला गेला होता ते सगळं बोटाने हवेत दाखवत सांगितलं. फौजदाराने तासाभराचं बोलणं चार ओळींत बसवलं. दोर पुडक्यात गेला, पुडक्यावर लाख लागली. तुम्हाला साक्षीदार करायचं की आरोपी, ते वरचे साहेब ठरवतील, असं म्हणून त्याने तिला जायला सांगितलं. ती जिना उतरली तेव्हा कुणीतरी मागून हाक मारणार असं तिला वाटत होतं. पाचव्या पायरीवर ती थांबलीही. कुणी हाक मारली नाही.

बारा दिवसांनी अर्ज वरच्या कोर्टात आला. तिथे खोली मोठी, छत उंच आणि बोलणं हळू. न्यायाधीश म्हातारे, खोकल्याने बेजार. सरकारी वकील पुन्हा म्हणाला की घरच्यांनीच पुराव्याशी खेळ केला. न्यायाधीशांनी विचारलं, बाईने गाठ सोडवली तेव्हा आरोपी कुठे होता? पळालेला होता. तिला त्याने पाठवलं याला काही आधार? नाही. दोर पोलिसांनी झडती घेऊन काढला? नाही, बाईने स्वतः आणून दिला. मग आता नष्ट करायला काय उरलं आहे? सरकारी वकिलाने कागद चाळले.

अक्काला राहवलं नाही. ती बाकावरून उठली आणि म्हणाली, "साहेब, गाठ..."

न्यायाधीशांनी हात वर केला. आवाज चढवला नाही. ते इथे नाही, म्हणाले. ते साक्षीच्या वेळी. वकीलबाईने तिला पदर ओढून खाली बसवलं.

जामीन मिळाला. दर सोमवारी ठाण्यात सही करायची. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. इमारतीकडे फिरकायचं नाही. हमी म्हणून अक्काच्या घराचे कागद. आणि कुठल्याही साक्षीदाराशी बोलायचं नाही. तेवढ्यात सरकारी वकील उठला आणि म्हणाला की ही बाईच आता आमची साक्षीदार आहे, आणि आरोपी राहणार तिच्याच घरात.

वकीलबाई म्हणाली की दुसरं घर नाही. न्यायाधीश बराच वेळ खोकले. मग लेखनिकाला सावकाश सांगितलं: एका घरात राहायला हरकत नाही, पण या प्रकरणाबद्दल दोघांत काही होता कामा नये. बोलून नाही, खुणेने नाही, कुणाच्या तोंडून निरोपाने नाही. झालं तर जामीन रद्द. मग अक्काकडे बघून त्यांनी विचारलं, कळलं का? ती म्हणाली, कळलं.

खार घरी आला. दाढी वाढलेली, मनगटं बारीक झालेली. पहिल्या दिवशी तो नुसता झोपला. दुसऱ्या दिवशी अक्का पेड धरून उलटी चालत होती तेव्हा तो आकड्यांपाशी येऊन उभा राहिला.

"अक्का, सुटली होती का गं?"

समोरच्या टपरीवर ठेकेदाराचा माणूस बसलेला होता. खार सुटून आल्यापासून तो रोज बसायचा, दोघं बोलतात का ते बघत, चहा पीत, दाराकडे तोंड करून. दार लावलं तर का लावलं म्हणून कुणी विचारेल, म्हणून अक्का दार उघडं ठेवायची. खारला लहानपणापासून तिचा चेहरा वाचता यायचा. गाठ बरी आहे की नाही हे तिने तोंड उघडायच्या आत त्याला कळायचं. तिने चेहरा भिंतीकडे फिरवला आणि पीळ घालत राहिली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि आत गेला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

जे समजू नये तेच तो समजला होता.

त्याने चढणं सोडलं. अक्काच्या हाताखाली दोर वळू लागला, पण वळलेल्या दोराच्या टोकाला गाठ मारायची वेळ आली की दोर तिच्या हातात देऊन बाजूला व्हायचा. बुटांना नाडी लावणं बंद केलं, चपला घातल्या. आता त्याची बायको कसली थट्टा करत नसे. मजुरांची माणसं काम घेऊन आली तर तो म्हणायचा, माझ्या गाठीवर कुणी चढू नये. हे ऐकताना अक्काच्या तोंडात ‘नाही सुटली’ एवढं यायचं, आणि ती ते गिळायची. एका शब्दाने तो पुन्हा त्या बंद खोलीत जाईल. शब्द न बोलता तो इथे, तिच्या डोळ्यांसमोर संपत चालला होता.

कागदपत्रं मिळाल्यावर वकीलबाईने त्याला अक्काच्या जबाबाच्या त्या चार ओळी वाचून दाखवल्या. त्याने ऐकलं आणि म्हणाला, बहीण आहे माझी, माझ्यासाठी खोटं बोलली. तेव्हापासून त्याला आणखी एक भीती लागली, की खोटं बोलल्याबद्दल अक्काला आत नेतील. दोघं एकाच ताटापाशी बसत आणि दोघंही एकमेकांसाठी भीत.

एका सोमवारी तो सहीला गेला आणि बारा वाजले तरी आला नाही. एक वाजला. अक्काने चाक थांबवलं. गाडीअड्डा तिच्या डोळ्यांसमोर आला, मग पूल आला, मग ती इमारत आली. टपरीवरचा माणूसही उठून रस्त्याकडे बघू लागला, आणि त्याच्याकडे बघून अक्काला जास्त धसका बसला. दोनला खार आला. वहीवाला हवालदार जेवायला गेला होता, एवढंच. अक्काने त्याला पाणी दिलं आणि मागे जाऊन भिंतीला धरून उभी राहिली.

असे चौदा महिने गेले.

साक्षीच्या दिवशी तिचं नाव पुकारलं तेव्हा ती इतकी सावकाश चालली की पट्टेवाला म्हणाला, अक्का, लवकर. त्याला हे नाव कुणी सांगितलं कोण जाणे. खार आरोपीच्या कठड्यात उभा होता, तिच्या डाव्या अंगाला, मागे. खरं बोलेन अशी शपथ तिने घेतली. ज्या खोलीत भावासमोर ते बोलायला तिला मोकळीक होती अशी जगात ही एकच खोली होती, पण तिथेही आपण एखादा शब्द जास्त बोललो तर काय होईल, हे तिला ठाऊक नव्हतं.

सरकारी वकिलाने विचारलं की तुमचा भाऊ आहे म्हणून तुम्ही गाठ घट्ट होती असं सांगताय, हो ना?

"घट्ट होती म्हणजे काय होती ते सांगते," अक्का म्हणाली. "मी त्याला चार वेढे शिकवले होते. या गाठीला पाच होते. पाचवा उलट्या अंगाने मारलेला, आणि त्याचं टोक आत खोवलेलं. असा वेढा मी शिकवला नाही. मी बघितला असता तर दोर वाया घालवतोस म्हणून रागावले असते. तो सोडवताना माझं नख गेलं."

पाचवा वेढा खारने कधीच कुणाला दाखवला नव्हता. अक्का रागावेल म्हणूनच तो फक्त वर, एकटा असताना मारायचा. गाठ सुटली असती तर तो वेढा जगात कुणी पाहिलाच नसता.

लेखनिकाने टंकायचं थांबून विचारलं, उलट्या हाताने की उलट्या अंगाने?

"अंगाने," अक्का म्हणाली.

मागे कठड्याचं लाकूड करकरलं. शिपाई कुणालातरी म्हणाला, बसू नका, उभे राहा. मग पुन्हा म्हणाला, अहो, उभे राहा. आणि मग कुणीतरी अगदी हळू रडतंय असा आवाज आला. अक्का न्यायाधीशांकडे बघत राहिली. दोन्ही हातांनी समोरची लाकडी कड धरून ठेवली. तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण ते खुणेत धरतील की काय, याची तिला अजूनही भीती वाटत होती.